पालकांची सही

दिवाळीआधी घर आवरायला काढले की आमच्या घरात माझी नेमणूक माळ्यावर होते. उंची बेताची असल्याने मी तिथे मावतो, आणि खाली राहिलो तर आवरण्याचा खोळंबा होतो, अशी दोन कारणे सौभाग्यवतींनी दिलेली आहेत. दोन्ही खरी असल्यामुळे मी वाद घालत नाही. यंदा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या दिवाळी अंकांच्या आणि माझ्या पहिल्या कादंबरीच्या न खपलेल्या प्रतींच्या तळाशी, माझे आठवीचे प्रगतिपुस्तक सापडले. साल १९९२-९३. पिवळट जाड कागद, कोपरे कसरीने खाल्लेले. दोन चाचण्या, एक सहामाही आणि एक वार्षिक अशा चार आडव्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या रकान्यात पालकांची सही.

माळ्यावर वाकून बसल्या बसल्या मी त्या चार सह्या पाहत राहिलो आणि मला हसू आले. खालून आवाज आला, "सापडलं काय एवढं हसण्यासारखं?"

"वडिलांच्या सह्या," मी म्हणालो. "तीन वडिलांच्या आणि एक माझी."

वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, पण सहीच्या बाबतीत फार काटेकोर. प्रगतिपुस्तक पुढे ठेवले की ते आधी मोरीत जात, हातांना रॉकेल चोळत, मग साबण लावत, पंचाला हात पुसत आणि मगच पाटावर बसून दौतीत टाक बुडवावा तशा गांभीर्याने माझे बॉलपेन हातात घेत. एवढे सगळे करूनही डेपोचे काळे तेल त्यांच्या अंगठ्याच्या रेषांतून कधी पुरते निघाले नाही. सहीच्या डाव्या बाजूला, जिथे अंगठ्याने कागद दाबून धरलेला असे, तिथे एक फिकट तेलकट डाग उमटेच. सहामाहीत मला गणितात शंभरांपैकी एकतीस गुण पडले, तेव्हा ती विधी टाळावी असे मला वाटले. मी त्यांची सही स्वतःच केली. पुढे मी मॅट्रिक होऊन चित्रकलेचा शिक्षक होणार, याचे ते पहिले लक्षण म्हणावे लागेल. कारण सही हुबेहूब साधली होती. (मॅट्रिक हा शब्द माझ्या वडिलांचा. आमच्या वेळी ती दहावीच होती, पण वडिलांच्या लेखी ती शेवटपर्यंत मॅट्रिकच राहिली, आणि माझ्याही तोंडी तोच शब्द बसला.)

सही हुबेहूब होती, तरी आमच्या वर्गशिक्षकांनी ती ओळखली. कशी, ते मला फार उशिरा कळले. माझ्या सहीशेजारी तेलाचा डाग नव्हता.

सरांनी वर्गात काही विचारले नाही. घरी चिठ्ठी दिली नाही. त्या दिवशी संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या दारात उतरले. आईने चहा टाकला. सर आणि वडील पावसावर बोलले, डेपोतल्या नव्या गाड्यांवर बोलले, आळीतल्या नळावर बोलले. मी आतल्या खोलीत पोटात गोळा घेऊन उभा. निघताना सर पायात चप्पल सरकवता सरकवता म्हणाले, "याला गणितासाठी संध्याकाळी माझ्याकडे पाठवत चला. येतो." बस्स. सहीचा विषय त्या घरात कधीच निघाला नाही. वार्षिक परीक्षेत गणितात चोपन्न गुण मिळाले. त्या सहीशेजारचा डाग मला सगळ्यांत मोठा वाटतो, पण तो कदाचित माझ्या डोळ्यांचा दोष असेल.

सरांचा मोठेपणा सांगावा म्हणून मी हे लिहीत नाही, जरी तो होताच. त्यांची सोय काय होती, तेही पाहिले पाहिजे. सर आमच्याच आळीच्या टोकाला राहत. वडिलांची आणि त्यांची न्हाव्याच्या दुकानात गाठ पडे, गिरणीत पडे, यात्रेत पडे. माझा बाप कोण, तो किती वाजता कामावर जातो, रागावला की काय करतो, हे सगळे त्यांना चिठ्ठीवाचून ठाऊक होते. घरी चिठ्ठी पाठवली तर तिचा पट्टा होऊन माझ्या पाठीवर उमटेल, हेही त्यांना ठाऊक असावे.

आज मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत शिकवतो. आम्ही बावीस शिक्षक आहोत. त्यांपैकी गावात राहणारे तीन. बाकीचे आम्ही मोटारसायकलने येतो आणि मोटारसायकलने जातो. मी स्वतः अठरा किलोमीटरवरून येतो. शेवटची घंटा झाली की शाळेच्या फाटकातून मुलांच्या आधी आम्ही बाहेर पडतो, असे म्हटले तर सहकारी रागावतील. पण मुलांच्या बरोबरीने पडतो, एवढे तेही कबूल करतील. गावातला न्हावी कोण, हे मला माहीत नाही. म्हणून आमच्या हाती राहते ती लाल शाई.

लाल शाईचे एक व्याकरण आहे. त्यात कर्ता नसतो. "गृहपाठ अपूर्ण. पालकांनी लक्ष द्यावे." "गणवेश नाही. पालकांनी नोंद घ्यावी." "पालकांनी भेटावे." भेटावे म्हणजे कोणी कोणाला, कधी, कुठे आणि कशासाठी, याचा उलगडा नाही. आणि खाली छापलेले असते, 'पालकांची सही', पुढे एक रेघ. आम्हांला त्या रेघेवर काहीतरी उमटून आलेले हवे असते. उमटले की आमचे काम झाले.

माझ्या वर्गात २०१८ च्या जूनमध्ये पाचवीला एक मुलगा आला. त्याचे नाव मी सांगत नाही. हजेरीपटावर तो सव्वीस नंबर होता आणि, सांगायला संकोच वाटतो, दोन वर्षे माझ्या तोंडीही तो पुष्कळदा सव्वीस नंबरच होता. पाचवीला मी त्याचा वर्गशिक्षक होतो, सहावीलाही होतो. अकरा वाजले, पहिला तास संपत आला, की सव्वीस नंबर बाकावर डोके टेकून झोपी जाई. उठवला की दचकून उभा राही, पुन्हा झोपे. मी त्याच्या वहीत लिहिले, "वर्गात झोपतो. पालकांनी लक्ष द्यावे." दुसऱ्या दिवशी खाली सही आली. आठवड्याने पुन्हा लिहिले. सही आली. "पालकांनी भेटावे." सही. "ही शेवटची सूचना समजावी." सही. शेवटच्या सूचना मी तीन वेळा दिल्या असतील. सही मोठी, ठसठशीत, प्रत्येक अक्षर वेगळे कोरलेले. मला ती सही उद्धट वाटू लागली. वाचते आहे, सही करते आहे आणि यायचे नाव नाही! या बाईला मुलाची काही पर्वा नाही, असे मी शिक्षकांच्या खोलीत बोललो. तिथे हे वाक्य रोज कोणी ना कोणी कोणाविषयी बोलतच असते, त्यामुळे कोणी मान वर केली नाही.

गंमत पाहा. त्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्याच माझ्या हाताने मी काय लिहीत होतो? आमच्याकडे २०१० सालापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली ते आठवीच्या मुलाला नुसत्या गुणांनी मोजू नये, त्याच्याविषयी दोन शब्द लिहावेत, म्हणून वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना सोन्यासारखी. पण पन्नास-साठ मुले, आठ-नऊ विषय आणि वर्षातून दोन सत्रे, म्हणजे किती नोंदी होतात ते आपणच मांडून पाहा. मग तयार नोंदींच्या याद्या निघाल्या. आधी छापील, पुढे फोनवर. त्यांतून ओळी उचलायच्या आणि खाली उतरवत जायच्या. सव्वीस नंबरपुढे मी लिहिले होते, "उपक्रमात आनंदाने सहभागी होतो. वर्गात लक्षपूर्वक ऐकतो." एका वहीत मुलगा झोपलेला, दुसऱ्या पुस्तकात लक्षपूर्वक ऐकणारा, दोन्हींखाली माझी सही आणि दोन्हींखाली त्याच्या आईची.

मग २०२० चा मार्च आला आणि शाळाच बंद झाली. फोनवरून वर्ग सुरू झाले. बावन्न मुलांपैकी पडद्यावर कधी चौदा दिसत, कधी अकरा. सव्वीस नंबर एकदाही दिसला नाही. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. घरोघर जाऊन माणसांचा ताप आणि अंगातला ऑक्सिजन मोजायचा. आमच्याकडे आशाताईंच्या जोडीला शिक्षकांनाही पाठवले. मला बाजार समितीच्या आवारामागची वस्ती मिळाली. नोकरीला लागल्यापासून त्या गल्लीत मी पहिल्यांदा पाय ठेवला, आणि तोही हातात ताप मोजण्याचे यंत्र घेऊन.

गल्ली इतकी अरुंद की मोटारसायकल बाहेर ठेवावी लागली. पाचवे की सहावे घर. पत्र्याची खोली, दारात उलटा करून ठेवलेला हातगाडा. चाळिशीच्या आतली एक बाई बाहेर आली. मी कपाळाशी यंत्र धरले, अठ्ठ्याण्णव. बोटाला चिमटा लावला, सत्त्याण्णव. "घरात माणसं किती?" असे मी विचारले मात्र, आतून एक पोरगे डोकावले आणि म्हणाले, "आई, आमचं सर हायती." माझ्या तोंडावर मुसके होते. त्याने आवाजावरून ओळखले.

बाईंची एकदम धांदल उडाली. त्यांनी पदर सावरला, आतून पोते आणून झटकून अंथरले. "बसा की सर." नियम लांब उभे राहण्याचा होता, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. त्यांना ते लागले असावे. पण त्या पुन्हा आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात रेशनकार्ड होते, विजेची बिले होती, बचत गटाचे पासबुक होते आणि माझ्या लाल शाईची ती वही होती.

"बघा सर," त्या म्हणाल्या, "सत्तावीस सह्या केल्या मी. एक बी चुकवली न्हाई."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. मला क्षणभर काही समजेना. मी विचारले, "पण ताई, वर काय लिहिलंय ते?"

"मला कुठं वाचाय येतंय? सही तेवढी बचत गटात शिकले, ब्यांकेत लागती म्हणून. ह्याला इचारायची, काय लिवलंय रं? ह्यो म्हनायचा, सही मागितलीया. मग मी करायची."

मी पोराकडे पाहिले. पोरगे पत्र्याकडे पाहत होते. आणि वाचकहो, ते खोटे बोलले नव्हते. सहीच तर मागितली होती! छापील अक्षरांत मागितली होती. जे मला हवे होते ते त्या बाईने सत्तावीस वेळा, एकदाही न चुकता, मला दिले होते.

मग बाकीचे कळले. वडील पुण्याकडे सेंट्रिंगच्या कामावर. टाळेबंदीत परत आले होते, त्या दिवशी बाहेर गेले होते. बाई भाजी विकतात. पहाटे चारला बाजार आवारात सौदे निघतात. माल घेऊन हातगाडा चढाने वर न्यायचा तर एकटीच्याने होत नाही. मागून कोणीतरी रेटायला लागते. मागून रेटणारा साडेतीनला उठे, सहाला गाडा लावून देई, पाणी भरी, धाकटीला अंगणवाडीत सोडी आणि साडेदहाला माझ्या वर्गात येऊन बसे. अकराला तो झोपला नसता तरच नवल.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती लिहिताना आजही माझा हात अडखळतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीत भाजीबाजाराच्या पहाटेचे एक प्रकरण आहे. एका परीक्षणात त्याला 'जिवंत' म्हटले होते. ते कात्रण मी जपून ठेवले आहे. ते प्रकरण लिहिण्यासाठी मी २०१८ च्या हिवाळ्यात दोन पहाटे त्याच बाजार आवारात, कानाला मफलर गुंडाळून, हातात वही घेऊन उभा होतो. हमालांची ओरड, ओल्या पोत्यांचा वास, कंदिलासारखे लोंबणारे दिवे, सगळे टिपून घेतले. प्रकरणात एक ओळ अशी आहे की चढावर गाडे रेटणारी पोरे अंधारात दिसत नाहीत, नुसती त्यांची धाप ऐकू येते. त्या धापांतली एक सव्वीस नंबरची असणार. मी ती धाप कादंबरीत नेली आणि सकाळी अकरा वाजता त्याच्या वहीत लाल शाईने लिहिले, वर्गात झोपतो.

शाळा पुन्हा भरू लागल्यावर मी एकच गोष्ट धरून बसलो; पालकसभेची वेळ. आमची पालकसभा शनिवारी सकाळी अकराला होई. शनिवार हा आमच्या गावचा आठवड्याचा बाजार! ज्यांची मुले आमच्याकडे शिकतात त्यांतले निम्मे लोक त्या दिवशी बाजारात विकायला बसलेले असतात, आणि उरलेल्यांना अकरा वाजता यायचे तर दिवसाचा खाडा पडतो. बावन्न मुलांच्या वर्गात नऊ पालक येत, ते बहुधा नोकरदार, आणि ज्यांच्याविषयी बोलायचे ते सोडून बाकीच्यांपुढे आम्ही बोलत असू.

मुख्याध्यापकांना मी संध्याकाळची वेळ सुचवली. त्यांच्या हरकती खोट्या नव्हत्या. शिक्षिकांनी रात्री परतायचे कसे? शेवटची एस.टी. सव्वासातची. शिपाई थांबणार का? शेवटी वर्षातून दोन सभा संध्याकाळी सातला घ्याव्यात, जवळ राहणाऱ्यांनी आणि गाडीवाल्यांनी थांबावे, आणि पहिली सभा शाळेत न घेता बाजार आवारातल्या लिलावाच्या ओट्यावर घ्यावी, असे ठरले. ओट्याची कल्पना काही माझी नव्हे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येईनात; म्हणून बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. आज अंगणवाडी हा शब्द देशभर सरकारी कागदांवर चालतो, पण तो शब्द मूळचा एक पाऊल होता. शाळेने घराकडे टाकलेले. आम्हांला ते पाऊल लिलावाच्या ओट्यापर्यंत टाकायला इतकी वर्षे लागली.

त्या संध्याकाळी चौतीस पालक आले. बहुतेक आया. कोणी भाजीच्या पाट्या तशाच शेजारी ठेवून बसल्या. आम्ही आपले नेहमीचे बोलू लागलो, अभ्यास, स्वच्छता, फोनचा वापर. तेवढ्यात मागून एक गवंडी उठले आणि म्हणाले, "सर, आमची चूक झाली की तुम्ही चिठ्ठी धाडता. तुमची चूक झाली तर आम्ही कुठं धाडायची?"

मुख्याध्यापक म्हणाले, "तक्रारपेटी आहे ना दाराशी."

"तिची किल्ली कुणाकडं असती?"

किल्ली मुख्याध्यापकांकडेच होती. लोक हसले, मुख्याध्यापकही हसले, आणि ते बरे झाले. खरे म्हणजे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्यात लिहिले आहे. कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. समित्या झाल्याही. पण किती ठिकाणी त्या समितीतल्या बायकांकडे नुसते रजिस्टर जाते आणि नुसती सही परत येते, ते शिक्षकांना विचारा. खाजगीत विचारा.

सव्वीस नंबरच्या आईशी बोलण्याचा एक मार्ग मला फोनने दाखवला. आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात सकाळपासून फुले, सुविचार आणि 'शुभ सकाळ' यांचा एवढा पूर येतो की परीक्षेचे वेळापत्रक त्यात कुठे वाहून जाते ते कळत नाही. शिवाय तिथे सगळे वाचायचेच. म्हणून मी त्यांना एकटीला तोंडी निरोप बोलून पाठवू लागलो. त्यांनाही ते जमले. त्यांचा पहिला निरोप मला आठवतो. मागे बाजाराचा कल्लोळ, आणि त्यातून त्या ओरडून बोलत होत्या, जसे काही मी चढाच्या दुसऱ्या टोकाला उभा आहे. "सर, आज त्यो येनार न्हाई. ताप हाय. आन् मेथी ठिवलीया तुमच्यासाठी, जाताना न्या." माझ्या सगळ्या नोकरीत शाळेला घराकडून आलेला इतका सरळ निरोप मी दुसरा ऐकलेला नाही.

हे साधन सापडले म्हणून मी मोठा खूश झालो. शिक्षकांच्या खोलीत त्याचे गोडवे गायलो. आणि दोन महिन्यांनी एका शनिवारी मी निरोप पाठवला, "ताई, गणिताच्या चाचणीत त्याला पंचवीसपैकी चार गुण आहेत. पाढे येत नाहीत. जरा बघा." बाईंचे हात भाजीत गुंतलेले. त्यांनी शेजारच्या कांदेवालीला सांगितले, लाव गं जरा. कांदेवालीने फोन मोठ्या आवाजात लावला. भर बाजारात, दोन्हीकडच्या गाड्यांवरची गिऱ्हाइके ऐकत असताना, माझा आवाज गरजला. सोमवारी सव्वीस नंबर मधल्या सुट्टीत माझ्यापुढे येऊन उभा राहिला. दोन दिवस बाजारात पोरे त्याला 'चार' म्हणून हाक मारत होती.

"सर," तो म्हणाला, "त्यापरास वहीत लिवत जा."

मी निरुत्तर झालो. वहीतला मजकूर कोणालाच कळत नव्हता, आता साऱ्या बाजाराला कळला. आणि दोन्ही वेळा ज्याच्याविषयी मजकूर होता त्याला मी काही विचारलेच नव्हते. निरोप नेणारा तो, मार खाणारा तो, पण त्याच्याशी बोलायचे मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही. टपाल्याशी आपण पत्राच्या मजकुराबद्दल बोलतो का? तसेच ते.

त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक ठराव केला. घरी जे सांगायचे ते आधी त्याला सांगायचे. आणि त्याने हरकत घेतली तर ती ऐकायची. हरकती पुष्कळ आल्या. काही अगदी वकिली होत्या. एकदा तो म्हणाला, "हे सांगा, पण वडील पुण्यास्नं आल्यावर नका सांगू, ते गेल्यावर सांगा." मी तसेच केले. माझ्या पाठीवर न उमटलेला पट्टा मला आठवला होता. त्याला नावाने हाक मारायलाही मी त्याच सुमारास लागलो, हे आपले जाता जाता. पहाटेचा गाडा मात्र सुटला नाही. तो कसा सुटावा? फक्त पहिला तास संपल्यावर त्याला वीस मिनिटे झोपू द्यायचे, एवढे मी केले. निरीक्षणाला साहेब आले त्या दिवशीही तो झोपला होता. मी सांगितले, त्याला बरे नाही. खोटे बोललो.

तो पुढे दहावी झाला, आय.टी.आय.ला गेला, ती हकीकत मोठी आहे आणि तिचे श्रेय बहुतेक त्याच्या गणिताच्या बाईंना जाते. मला सांगायची आहे ती २०२३ च्या जुलैतली, दहावीच्या वर्गाच्या पालकसभेची. संध्याकाळची वेळ. यावेळी सभा शाळेतच, चित्रकलेच्या खोलीत होती. बाई आल्या होत्या. पुढच्या बाकावर बसल्या होत्या. लोक अजून येत होते, ध्वनिक्षेपक खरखरत होता, आणि आमचे लिपिक नेहमीप्रमाणे सभेचे रजिस्टर घेऊन बाकाबाकावरून फिरत होते. रजिस्टर पुढे सरके, माणसे सही करीत, ते पुढे जाई. बाईंपाशी आले. लिपिकांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

बाईंनी पेन घेतले. मग वर पाहिले.

"काय लिवलंय वर?"

"सभेचं आहे, मावशी. सही करा."

"सही करती. आधी काय लिवलंय ते वाचा."

लिपिक घुटमळले. मागची रांग थांबली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले, कारण बाई आमच्या ओट्यावरच्या सभेतल्या, म्हणजे माझ्या, हे त्यांच्या मनात ठरून गेले होते. मी पुढे झालो, रजिस्टर हातात घेतले आणि मोठ्याने वाचू लागलो. "आजच्या सभेत सर्व विषयांवर सविस्तर चर्चा होऊन पालकांनी समाधान व्यक्त केले, व अध्यक्षांचे आभार मानून सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले."

खोलीत कोणी बोलेना. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजायला दहा मिनिटे कमी होती. बाईंनी पेनाला टोपण लावले, ते नीट बाकावर ठेवले आणि म्हणाल्या, "मग आता बोला, सर."